ड्राफ्ट झाला एकदाचा!

ऑफिसातल्या फँटसी फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून पाळीपाळीने आपापला कागदी संघ निवडणं, आज संध्याकाळी उरकला. त्या खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आम्हाला गुण मिळतात. (इथलं फुटबॉल म्हणजे एनएफएल, अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, हे पुण्याच्या मामांना पुन्हा सांगून झालंय.) बहुतेकांनी खेळाडूंच्या क्रमवारीच्या तयार याद्या छापून आणल्या होत्या. मी मात्र आमच्या लीगच्या नियमांवर बेतलेली स्वतःची यादी, म्हणजे चीटशीट, घेऊन बसले. आमच्याकडे प्रत्येक कॅचला (झेललेल्या पासला) १ गुण आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, टचडाउन पासला (ज्यावर चेंडू समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे पोचतो) नेहमीच्या ४ ऐवजी ६. एवढ्यानेच सगळी क्रमवारी हलते. भरपूर कॅच घेणारे रिसीव्हर वर चढतात, फक्त गोल लाइनजवळ वापरले जाणारे रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) घसरतात. नुसते क्रमांक तसे फसवेच. साधारण सारख्या तोडीच्या खेळाडूंचे गट पाडले, की कुठल्या जागेचा चांगला माल संपत आलाय ते लगेच दिसतं. स्नेक ड्राफ्टमध्ये (दर फेरीला निवडीचा क्रम उलटतो) पाळी परत येईपर्यंत कोण उरेल, याचाही अंदाज बांधता येतो. किकर (लाथेने चेंडू मारून गुण मिळवणारा) शेवटच्या फेरीत, यावर माझ्याशी वाद घालू नये.

अर्थात दुखापतीपुढे कुठलीच यादी टिकत नाही. २०२४ मध्ये बहुतेक याद्यांत पहिला असलेला रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्री हंगामात जेमतेम ४ सामने खेळला.

तरी यंदा संघ झकास जमलाय. सहसा अगदी शेवटी घेतात तो डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचावफळी) बॉसने दुसऱ्याच फेरीत उचलला, तेव्हा हसू कसं आवरलं ते माझं मला माहीत!