चौघांना चार चिठ्ठ्या

लातूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आठवीला भूगोल शिकवते. पट ४०, तास ३५ मिनिटांचा. मुलांनी वर्गात एकमेकांशी बोलून विषय समजून घ्यावा, असं मला पहिल्यापासून वाटायचं. गेल्या वर्षी ठरवलं, आठ-आठ जणांचे पाच गट केले, फळ्यावर ‘पाणीटंचाई’ लिहिलं आणि म्हटलं, करा चर्चा.

दहा मिनिटांत काय ते कळलं. प्रत्येक गटात एकच हुशार मूल बोलत होतं. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि कडेच्या मुली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. गटनायकांनी शेवटी पुस्तकातलाच परिच्छेद वाचून दाखवला. मला फार वाईट वाटलं. मधल्या सुट्टीत हीच मुलं एकमेकांना बोलू देत नाहीत! मग लक्षात आलं, बोलावं असं मी त्यांच्या हातात काही दिलंच नव्हतं. पाणीटंचाई वाईट, यात कोण कशाला वाद घालेल?

आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका अनुभवी बाईंनी मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरॉन्सन यांची पद्धत सांगितली. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानं एका वर्गात आली होती आणि वर्गात ताण होता. तेव्हा अ‍ॅरॉन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. हे ऐकताना माझा वर्ग डोळ्यांसमोर आला. आमच्याकडेही मुलं वस्तीप्रमाणेच बसतात.

या वेळी प्रश्न असा घेतला की ज्याचं उत्तर माझ्याकडेही तयार नव्हतं: आपल्या गावात आता नवीन बोअर घेऊ द्यावी का? चार चिठ्ठ्या केल्या. पहिलीत महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा, ज्यात ६० मीटरहून, म्हणजे साधारण २०० फुटांहून खोल विहिरींवर बंधनं आहेत. दुसरीत एप्रिल २०१६: मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तिसरीत पिकं: आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा, सोयाबीन सव्वातीन-साडेतीन महिन्यांत निघतं. चौथी चिठ्ठी कोरी. तिच्यावर घरी विचारून लिहायचं, आपली किंवा शेजारची बोअर किती खोल आणि तिला पाणी कधीपर्यंत टिकतं.

एका तासात हे बसत नाही. पहिल्या दिवशी एकाच चिठ्ठीची मुलं एकत्र बसवली. दहा जणांचा घोळका मोठा होतो म्हणून पाच-पाच केले. दुसऱ्या दिवशी चौघांचे दहा गट, आकडे मोजून पाडलेले, त्यामुळे मैत्रिणी आणि वस्त्या आपोआप फुटल्या. थोडी कुरकुर झाली. एका गटात बसकरपट्टीवर दोघांच्या मध्ये हातभर जागा सोडलेली मला दिसली. मी काही बोलले नाही, चिठ्ठ्या मात्र मधोमध ठेवायला लावल्या. वाचायला पुढं सरकावंच लागलं. बोलण्याआधी दोन मिनिटं प्रत्येकानं वहीत आपलं मत लिहायचं, हा नियम मला सगळ्यात उपयोगी पडला. लाजऱ्या मुलाला निदान वाचून दाखवायला दोन ओळी असतात. गटनायक नेमणं मी बंदच केलं.

त्या दिवशी खिडकीजवळच्या गटात जूनपासून वर्गात तोंड न उघडलेली एक मुलगी होती. तिच्या वहीत ‘६५०’ हा आकडा दोनदा अधोरेखित केलेला.

“आमच्या बोअरला साडेसहाशे फुटांवर पण नुसता फुफाटा निघाला,” ती म्हणाली.

कायद्याची चिठ्ठी असलेला मुलगा लगेच म्हणाला, “दोनशेच्या खाली बंधन आहे. मग तुझ्या वडिलांनी कशी घेतली?”

ती गप्प झाली. मी शेजारीच उभी होते, तिच्या मदतीला धावावंसं वाटलं. पण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांचं संशोधन मी वाचलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. मी मनात मोजत राहिले.

“ऊस वाळायला लागला होता,” ती म्हणाली. “कर्ज काढून घेतली.”

“मग ऊस कशाला लावायचा?”

“सोयाबीनला भाव कुठंय? उसाचे पैसे कारखाना देतो तरी.”

आता रेल्वेची चिठ्ठी घेतलेला मुलगा मध्ये पडला, आणि चौघंही गुडघ्यांवर येऊन बोलू लागली. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून गेले. पुढच्या वेळेपासून मी हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून थांबायचं, असं ठरवलं.

सगळं जमलं असं नाही. तीन गटांत एकेक जण गैरहजर होता, त्यांचा तुकडाच हरवला. आता मी गटात एक चिठ्ठी दोघांना देते आणि पाचाचा गट करते.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलाशी आली. “मॅडम, शेजारच्यानं खोल बोअर घेतली की आमचं पाणी कमी होतं का?” मी म्हटलं, जमिनीखाली खडक कसा आहे त्यावर ते ठरतं, आपल्या गावचं मला सांगता येणार नाही, आपण भूजल सर्वेक्षण यंत्रणेला विचारू. पत्राचा मजकूर त्या चौघांनीच लिहिला. पहिल्या ओळीवरून त्यांचा दोन दिवस वाद चालला: ‘आमच्या बोअरचं पाणी’ लिहायचं की ‘आमच्या गावाचं पाणी’.