दहावीचा क्लास, तीन अ‍ॅप आणि घरात एकच स्मार्टफोन

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझा दहावीचा गणिताचा क्लास आहे, घरगुतीच. पोरं बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या घरांतली, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात आणि आई घरी विड्या वळणारी. गृहपाठ मोबाईलवर घ्यायचा ठरवलं तेव्हा आधी अर्थातच व्हॉट्सअ‍ॅप. पोरं वहीचे फोटो टाकायची, आधी शेवटचं पान मग पहिलं, मध्येच कुणाचा तरी हॅपी बर्थडे, आणि मी त्या फोटोवरच बोटानं लाल रेघा मारून परत पाठवायचो. रात्रीपर्यंत कुणाचं तपासलं नि कुणाचं राहिलं काही पत्ता लागायचा नाही.

मग गूगल क्लासरूम. शिकवणाऱ्याला लई सोयीचं आहे बघा, कुणी दिलं कुणी नाही एका जागी दिसतंय, मार्क तिथंच, शेवटची तारीखपण टाकता येते. पण आत शिरायला गूगल अकाउंट लागतं आणि घरातल्या फोनवर अकाउंट असतं पप्पांचं, त्याचा पासवर्ड फक्त ज्या मोबाईल दुकानदारानं ते काढून दिलं त्यालाच माहीत! बहीण-भाऊ दोघं क्लासला असले तर दोघांचा गृहपाठ पप्पांच्याच नावानं यायचा. कोपऱ्यातल्या गोल फोटोवर दाबून अकाउंट बदलता येतं, पण ते ज्याला सांगावं तो म्हणणार, सर तुम्हीच करून द्या की.

एक पैसे भरून घ्यायचं क्लासचं अ‍ॅपपण बघितलं, नाव नको. दर वेळी ओटीपी, तो जायचा पप्पांच्या साध्या फोनवर, आणि पप्पा मागावर, तिथल्या खडखडाटात रिंग कुठली ऐकू येतीय.

टेलिग्राम मला स्वतःला आवडलं. नंबर लपवता येतो म्हणून मुलींच्या घरच्यांना पटलं, उशिरा आलेल्या पोराला जुन्या नोट्स दिसतात, आणि 2020 पासून पोलमध्ये क्विझ आहे, बरोबर का चूक लगेच कळतंय. पण मम्मी लोक ते उघडतच नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅप मात्र सगळे उघडतात. एक मम्मी आहेत, हाताला तंबाखू, मांडीवर सूप, त्या टाइप कशाला करतील, माइक दाबून वर सरकवतात, तो लॉक होतो, मग विड्या वळत वळत निम्मं तेलुगू निम्मं मराठी, "सार, पोरगा आज काय केला?" असं विचारतात. मीपण बोलूनच उत्तर देतो. ही सोय मला दुसरीकडं कुठं एवढी सहज वाटली नाही.

सध्या नोट्स आणि क्विझ टेलिग्रामवर, क्लासरूम ज्यांचा स्वतःचा फोन आहे त्यांनाच. बाकीच्यांनी गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण ग्रुपवर नाही, मला एकट्याला पाठवायचा, गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन करून एकच पीडीएफ, फाइलला रोल नंबर. फोटो घेणं बंद केलंय, कितीबी रडले तरी.