सेद्दुलबाहिरचा किनारा आणि रिव्हर क्लाइड

इस्तंबूलवर सगळ्यांनी भरभरून लिहिलंय, त्यामुळे ते सोडून थेट चानाक्कलेला, म्हणजे तुर्कस्तानातल्या डार्डनेल्स सामुद्रधुनीकाठच्या शहराला येते. समोरच्या गलिपोली द्वीपकल्पावर पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ब्रिटिश आणि त्यांच्या मित्रांचं सैन्य तुर्कांवर चालून गेलं होतं. तिथे जायचं म्हणून एक सहल घेतली. बसमध्ये बहुतेक ऑस्ट्रेलियन होते. त्यांचे पणजोबा जिथे पडले तिथे ते हात जोडल्यासारखे उभे राहत होते, ते बघून भरून आलं. पण अँझॅक कोव्ह, लोन पाइन, चुनुक बाइर ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याची ठिकाणं झाल्यावर बस परत फिरली. हेलेसचं, म्हणजे द्वीपकल्पाचं दक्षिण टोक कधी? गाईड म्हणाला, "तिकडे लांब पडतं, कोणी जात नाही." मला राग आला तो याचा. मी आले होते ती त्या टोकावरच्या सेद्दुलबाहिर गावासाठीच.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने आणि मी टॅक्सी ठरवली. पैसे चांगलेच गेले, पण ते मी पुन्हा देईन.

"अगं, एवढासाच किनारा?" गाडीतून उतरल्यावर मैत्रीण म्हणाली. इंग्रजांनी ज्याला 'व्ही बीच' नाव दिलं तो किनारा फार तर 300 मीटरचा. एका टोकाला जुना किल्ला, दुसऱ्या टोकाला कडा आणि मागे हळूहळू चढत जाणारी जमीन. वर बसलेल्या माणसाला खालचा प्रत्येक गोटा दिसेल अशी जागा.

25 एप्रिल 1915 च्या सकाळी किल्ल्याखालच्या या पाण्यात रिव्हर क्लाइड नावाची कोळसावाहू बोट मुद्दाम रुतवली. पोटात सुमारे 2000 सैनिक. कल्पना कमांडर एडवर्ड अनविन यांची: बोटीच्या कुशीला दारं कापायची, बाहेरून उतरत्या फळ्या लावायच्या आणि सैनिक एकदम किनाऱ्यावर सोडायचे. सामुद्रधुनीपलीकडे ट्रॉय आहे, त्यामुळे पोटात सैनिक लपवून ट्रॉयमध्ये नेलेल्या लाकडी घोड्याची आठवण तेव्हाही लोकांना झालीच. पण बोट रुतली ती किनाऱ्यापासून थोडी अलीकडेच. मधल्या पाण्यावर पूल म्हणून जी छोटी वाफेची बोट आणली होती ती भलतीकडे गेली. मग अनविन आणि खलाशी विल्यम विल्यम्स स्वतः पाण्यात उतरले, सपाट तळाचे पडाव ओढत आणले आणि दोर बांधायला काही सापडेना म्हणून तो हातात धरून उभे राहिले. वरून तुर्कांचा गोळीबार चालू. दारातून मन्स्टर फ्युझिलिअर्स या आयरिश पलटणीचे सैनिक बाहेर पडायला लागले आणि फळीवरच कोसळायला लागले. विल्यम्सला मार लागला तेव्हा अनविननी त्याला सावरायला दोर सोडला आणि पडाव वाहून गेले. विल्यम्स वाचला नाही.

मी चपला काढून पाण्यात उतरले. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजता यावेत, पण ते शेवाळलेले. गुडघाभर पाण्यातही चार पावलं सरळ टाकता येईनात, आणि माझ्या पाठीवर ना बंदूक होती ना काडतुसं. जे सैनिक उघड्या होड्यांतून आले त्या डब्लिन फ्युझिलिअर्स या दुसऱ्या आयरिश पलटणीने तर हे अंतर वल्हवत कापलं. बोटीच्या लोखंडी पोटात होते तोवर बाकीचे बऱ्यापैकी सुरक्षित होते. मरण होतं ते दाराबाहेर. उरलेले आतच थांबले आणि अंधार पडल्यावर उतरले, तेव्हा फारशी हानी झाली नाही. मग सकाळी त्या फळीवर एकामागून एक तुकडी का सोडत राहिले, हा प्रश्न मला तिथे अक्षरशः छळत होता.

पाण्यालगतच्या दफनभूमीत जवळपास 700 जण आहेत, त्यातले बहुतेक अनामिक. वरच्या चढावर इथे लढलेले तुर्की सार्जंट याह्या चावुश यांचं स्मारक. इथे लढलेली तुर्की तुकडी संख्येने किती लहान होती ते त्या चढावर उभं राहिलं की पटतं. माझ्या लेखी ही दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत पाहायची आहेत. एक पाहून दुसरं टाळणं मला पटत नाही.

पुढे हेलेस स्मारक, ब्रिटिशांच्या बाजूने पडलेल्यांचं. 20 हजारांहून अधिक नावांत शीख आणि गुरखा नावं वाचत बराच वेळ उभी होते. 4 जून 1915 ला 14 वी शीख पलटण जवळजवळ संपली, ती याच द्वीपकल्पावर. आपल्या मराठा पलटणी त्या युद्धात मेसोपोटेमियात गेल्या, त्यामुळे ओळखीची आडनावं इथे नाहीत.

संध्याकाळी चानाक्कलेत नुसरतची प्रतिकृती पाहिली. याच सुरुंगपेरणीच्या बोटीने मार्च 1915 मध्ये रात्रीतून 26 सुरुंग पेरले. 18 मार्चला फ्रेंचांची बुव्हे ही युद्धनौका त्यावर आदळून दोनेक मिनिटांत 600 हून अधिक माणसांसकट बुडाली. मूळ नुसरत पुढे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मर्सिनला बुडाली होती. तुर्कांनी ती वर काढली, दुरुस्त केली आणि आता ती जवळच्याच तार्सूस शहरात ठेवली आहे.

रिव्हर क्लाइडच्या वाट्याला हे आलं नाही. 1919 मध्ये तिला पुन्हा तरंगवलं, स्पेनमधल्या मालकांना विकलं, आणि तिने नाव बदलून कित्येक वर्षं मालवाहतूक केली. 1966 मध्ये ती भंगारात गेली. सहा खलाशी-अधिकाऱ्यांना जिच्याभोवतीच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती बोट शाबूत असताना जपता आली असती, आणि जपली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढच्या खेपेला तार्सूस ठरलंय.