रॅम्पला पिना घातल्याशिवाय गाडी चढवू नका

गेल्या मे महिन्यात बाबांची जुनी पद्मिनी गाडी ट्रेलरमध्ये चढवताना उजव्या बाजूचा रॅम्प सटकला आणि बाबांच्या पायापासून वीतभर अंतरावरून मागे फेकला गेला. ते बाजूला उभे राहून हाताने इशारे देत होते, गाडीत मी होतो. मागचं चाक धाडकन खाली आलं, गाडीचं पोट ट्रेलरच्या काठावर बसलं, सायलेन्सर चेपला. गाडीचं दुरुस्त झालं पण बाबांचा तो पाय अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

आम्ही देवगडकडचे, घर समुद्रापासून जवळ, गाडी १९८७ ची. खारी हवा पत्रा खाते हे इथे कोणाला सांगायला नको, आणि हायवेची लाल धूळ वेगळी, म्हणून घाटावर इंजिनच्या कामाला न्यायची तर उघड्यावरून नको असं ठरवून जुना बंद ट्रेलर घेतला, मागे दोन पल्ल्यांचा दरवाजा असलेला. त्याच्यासोबत रॅम्प म्हणून सहा फुटी लाकडी फळ्या आल्या होत्या, वरच्या टोकाला लोखंडी ओठ, तो नुसता ट्रेलरच्या काठावर टेकवायचा, बाकी अडकवायला काहीच नाही.

मला आधी वाटलं वजनाने झालं. पण गाडी साधारण ९०० किलोची, एका चाकावर सव्वादोनशे धरा, चढावर मागच्या चाकांवर थोडं जास्त, फळीला काहीही झालं नव्हतं. खरं कारण वेगळंच निघालं. पद्मिनीला मागची चाकं ओढ देतात, आणि चाक गाडीला पुढे लोटतं म्हणजे पायाखालच्या फळीला तेवढ्याच जोराने मागे लोटतं. पुढची चाकं आत गेली, मागची फळीवर आली, नेमकं तेव्हाच पोट काठाला घासलं, गाडी अडली म्हणून मी जास्त रेस दिली आणि ती सगळी ताकद फळीला बसली. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर हाच प्रकार सुरुवातीलाच होतो, पुढची चाकं फळीवर चढतानाच.

पोट का घासलं याचा हिशोब मग घरी कागदावर केला. आमच्या ट्रेलरचा तळ जमिनीपासून २२ इंच. सहा फुटी फळीला चढ येतो जवळपास १८ अंश. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांत ९२ इंच अंतर, म्हणजे मधला भाग दोन्हीकडून ४६ इंचावर, आणि तिथे सायलेन्सरखाली मला साडेपाच इंच मोकळी जागा मिळाली. त्यावरून रॅम्प आणि ट्रेलरचा तळ जिथे मिळतात तिथला जास्तीत जास्त साडेतेरा अंशाचा कोपरा ती ओलांडू शकते. आठ फुटी रॅम्पला सव्वातेरा अंश येतात, म्हणजे कागदावर बसतंय, पण स्प्रिंगा दबल्या की घासणारच. म्हणून दहा फूट, चढ साडेदहा अंश. ट्रेलरचं नाक जॅकने थोडं वर उचललं की शेपटी खाली येते आणि तो कोपरा अजून मोडतो, हे फुकटचं आहे, नक्की करा.

दहा फुटी रॅम्प सी चॅनलचा, म्हणजे C आकाराच्या लोखंडी पट्टीचा केला तर उचलायचा कोणी? ७५ एमएमचा चॅनल मीटरला सुमारे सात किलो, दोन बाजूंचेच ४० च्या वर जातात. आम्ही ६० बाय ४० एमएमचा चौकोनी पाइप घेतला, आडव्या पट्ट्या २५ च्या अँगलच्या, धार वर करून, सहा-सहा इंचावर. चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला पत्रा, मी मुद्दाम नाही घेतली, पावसात चिखल लागला की ती साबणासारखी होते. एक रॅम्प बत्तीस-तेहतीस किलोचा झाला, दोघं जण आरामात उचलतात, आणि मध्ये घडीचा टेकू दिलाय म्हणून गाडी वर असताना वाकत नाही. पाइपाची तोंडं वेल्डिंगने पूर्ण बंद करून घ्या हं, नाहीतर खारी हवा आतून खाते आणि वरून रंग चकाचक दिसत राहतो. वरून रेड ऑक्साइड आणि रंग. ॲल्युमिनियमचे रॅम्प हलके असतात पण लोखंडी बोल्ट लागले की किनाऱ्यावर त्या जोडाशी पांढरी भुकटी व्हायला वेळ लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, वरचं टोक. ट्रेलरच्या शेपटीला आडवा ३२ एमएमचा गज वेल्ड केला, रॅम्पला १० एमएम पट्टीचे दोन हुक, ते गजावर बसतात. मला वाटलं झालं काम. नाक्यावरचे मिस्त्री हुकाकडे बघून म्हणाले, "ह्येका खालसून पिन घाल, नायतर परत सुटतला." आणि बरोबर होतं त्यांचं, कारण गाडीचं वजन शेपटीवर आलं की ट्रेलर दबतो, मग उसळतो, त्या उसळीत नुसता हुक उचलला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक हुकात गजाच्या खालून १६ एमएमची पिन, तिला आर क्लिप (R आकाराची तारेची क्लिप), आणि पिन हरवू नये म्हणून बारीक साखळी. भोक १८ चं ठेवलं, ट्रेलर वाकडा उभा असला तरी पिन जाते. पिना स्टेनलेसच्या, जमलं तर ३१६ ग्रेडच्या घ्या, ३०४ ग्रेडवर आमच्याकडे तांबडे डाग येतात.

शेपटी दबू नये म्हणून मागे दोन जॅक, खाली ऐनाचे जाड गुटके. जांभ्याचा चिरा ठेवू नका, एका टोकावर भार आला की तो फुटतो. पुढे ट्रेलर ओढणाऱ्या बोलेरोला जोडलेलाच ठेवायचा, बोलेरोचा हँडब्रेक ओढायचा, ट्रेलरच्या चाकांना गुटके लावायचे. दरवाजाचे पल्ले दोरीने बांधायचे, खाडीवरून वारा आला की पल्ला थेट गाडीवर येतो.

आणि आता गाडी चालवत चढवतच नाही, हातविंचने, म्हणजे हाताने फिरवायच्या केबलच्या चरखीने ओढतो. विंचने चाकं नुसती फिरतात, रॅम्पला मागे लोटत नाहीत, उलट ट्रेलरकडे दाबतात. शिवाय बंद ट्रेलरात गाडीचा दरवाजा नीट उघडत नाही, विंच असली की आत माणूस अडकत नाही हेही आहेच. गाडीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, केबलच्या रेषेतही नाही.

रॅम्प प्रवासात कुठे ठेवायचे यावर खूप डोकं खाल्लं. तळाखाली खण केला असता तर चिखल आणि मीठ लागलं असतं, म्हणून आतच, गाडीच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मधल्या जागेत. जमिनीला अँगलच्या बेचक्या, पुढे अडथळा, वरून पिन, खाली जुन्या टायरट्यूबचे तुकडे म्हणजे खडखड नाही. घाटात करकचून ब्रेक मारला तर बत्तीस किलोचं लोखंड मोकळं राहता कामा नये. गाडी चारही चाकांना बेल्टने बांधतो, आणि दहा-बारा किलोमीटरवर थांबून बेल्ट परत आवळतो कारण सुरुवातीच्या खड्ड्यांत ते हमखास सैल पडतात.

गेल्या महिन्यात भर पावसात करूळ घाटाने वर नेऊन आणली. आता डाव्या रॅम्पच्या खालच्या टोकाला रुंद पत्रा लावायचाय, ओल्या मातीत ते रुततं, गणपतीच्या आधी मिस्त्रींकडे टाकणार.