आमची वाटचाल: तीन थरांची तबली

आमच्या गिटारी प्लायवूडच्या असतात, असे बाजारात आमच्याविषयी बोलले जाते. बोलणाऱ्यांना ती निंदा वाटते. भायखळ्याच्या आमच्या गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मात्र आम्ही ही गोष्ट स्वतःहून सांगतो, कारण पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार रंगमंचावर वाजवायची असेल, तर थर दाबून केलेली तबली, म्हणजे पेटीची वरची फळीच योग्य, असे आमचे ठाम मत आहे.

सुरुवात अर्थात अखंड लाकडातून कोरलेल्या तबल्यांनीच झाली. आमचे भागीदार मूळचे मिरजेचे, आणि सतारीच्या व तंबोऱ्याच्या तबल्या घासण्यात त्यांचा हात तयार झालेला होता. येताना त्यांनी बोटाएवढे पितळी रंधे आणि करवतीच्या जुन्या पात्यांपासून स्वतः केलेली खरवडण्याची पाती आणली होती. रे रोडच्या वखारींत फळी दोन बोटांत लटकवायची, पेराने वाजवायची आणि मगच भाव विचारायचा, ही त्यांची रीत असे. गिटारीच्या तबलीसाठी रूढ असलेले स्प्रूसचे लाकूड आयात करावे लागते, म्हणून आम्ही तून आणि देवदार वापरून पाहिले. तून महोगनीच्याच कुळातला आणि हलका असतो. देवदाराच्या रेषा सरळ असतात, पण त्याच्या अंगचे तेल सरस नीट धरू देत नाही. सागवानाची गिटार मागणारे आजही येतात. सागवानाची खुर्ची करावी. तबलीसाठी तो जड पडतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तारांखाली बसवलेला चुंबकीय पिकअप लाकडाचा आवाज टिपत नाही, तो पोलादी तारेचे हालणे टिपतो. तारेतली शक्ती किती आणि किती लवकर काढून घ्यायची, एवढेच लाकडाच्या हाती असते. स्प्रूसचे वजन घनमीटरला साधारण 400 किलो भरते आणि रेषेच्या दिशेने ते भरपूर ताठ असते, त्यामुळे कोरीव स्प्रूसची तबली तारेची शक्ती चटकन घेऊन हवेत सोडते. असा स्वर ठोस उमटतो आणि लवकर विझतो. मेपलचे कठीण लाकूड 700 किलोच्या आसपास जाते. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवले की तबली दोन्ही दिशांनी ताठ होते, कमी हालते आणि शक्ती तारेतच अधिक वेळ टिकते. विजेशिवाय अशी गिटार दबकी वाजते, हे आम्ही नाकारत नाही. पण विजेवर तिचा स्वर लांबतो आणि ती सहजी घोंगावत नाही. पोकळ पेटीतील हवेचा मूळ स्वर 100 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे 110 हर्ट्झच्या मोकळ्या पाचव्या तारेच्या अगदी शेजारी. स्पीकरमधून तो स्वर परत आला की तबली हालते, तबलीमुळे तार हालते आणि पिकअप तेच पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. यालाच आम्ही घोंगावणे म्हणतो.

हा शोध आमचा नाही. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या 1936 सालच्या ईएस-150 या इलेक्ट्रिक गिटारीची तबली कोरीव स्प्रूसची होती आणि जाझवादक चार्ली ख्रिश्चनने ती गिटार गाजवली. पण 1949च्या ईएस-175साठी त्याच कंपनीने थरांचे मेपल घेतले. त्यात पैसे वाचले हे खरे, तरी जाझवादकांनी ती गिटार पुढे कित्येक दशके हातातून सोडली नाही. 1958च्या ईएस-335मध्ये तर मेपल-पॉपलर-मेपल अशा थरांच्या खाली मधोमध मेपलचा ठोकळाच बसवला आणि पेटीची जाडी पावणेदोन इंचांच्या आसपास आणली. आमचा मधला थर तूनचा असतो.

साच्यात थर दाबून केलेली आमची पहिली गिटार वांद्र्याच्या एका ज्येष्ठ वादकांनी घेतली, ज्यांना गाळ्यातले सगळे अंकल म्हणतात. त्यांची कोरीव तबलीची परदेशी गिटार ध्वनिमुद्रणात अप्रतिम वाजे, पण षण्मुखानंद सभागृहात ऑर्केस्ट्राच्या मॉनिटर स्पीकरसमोर उभे राहिले की जाड तारा दाबून धराव्या लागत. त्यांनी ती विकली नाही, आणि विकू नये असे आम्हीच त्यांना सांगितले होते. स्टुडिओत ती आणि मंचावर आमची, असा त्यांचा क्रम पुढे कायम राहिला. दर पावसाळ्याआधी ते घोडी, म्हणजे तबलीवर तारा पेलणारी पट्टी, तपासून घ्यायला येतात आणि चहा स्वतःच्या पैशाने मागवतात.

त्यानंतरची बरीच वर्षे काम नीट चालले.

मग आमच्याच गाळ्यात साच्यात थर दाबायला शिकलेल्या एका कारागिराने उपनगरात स्वतःचे दुकान थाटले. धंदा कोणीही करावा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आमच्या गिटारी ठेवणाऱ्या मोठ्या विक्रेत्याकडे जाऊन ‘ते तुम्हाला प्लायवूड विकतात, मी अखंड स्प्रूस देतो’ असे त्याने सांगितले, आणि विक्रेत्याने आमचा अख्खा माल टेम्पोत भरून परत पाठवला. भाडे थकले, लाकूड कापायची बँडसॉ विकावी लागली आणि भागीदारांनी मिरजेची जमीन गहाण टाकली. आमच्याशी दोन शब्द बोलावेत, असे त्या विक्रेत्याला वाटले नाही, हे आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

त्या कारागिराचे स्प्रूस अखंड होते, एवढे खरे. पण ते कोरलेले नव्हते. पातळ फळी वाफेने मऊ करून साच्यात वाकवलेली होती. कोरलेल्या कमानीत ताण नसतो, वाकवलेल्या फळीला मात्र पुन्हा सरळ व्हायचे असते. मुंबईचा पावसाळा आणि तारांचा दाब एकत्र आले की अशी तबली घोडीखाली बसते. त्या गिटारी दुरुस्तीसाठी आमच्याकडेच येऊ लागल्या. आम्ही आतून पट्ट्या घातल्या, जिथे उपाय नव्हता तिथे आमची तबली बसवली, आणि बिल पूर्ण लावले. गाळा त्या दुरुस्त्यांवर तगला. भागीदार आता गावी असतात. जमीन सुटली आहे आणि त्यांचे रंधे मात्र इथेच आहेत.

गिटार घेणाऱ्यांनी विक्रेत्याचे न ऐकता एफ-आकाराच्या छिद्राची कड उजेडात पाहावी. वरच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. थर दिसले तर दाबलेले आहे. आणि कड जाड काळ्या रंगाने झाकलेली असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आत घालावा. तारा बदलताना एकेकच बदलावी, कारण घोडी चिकटवलेली नसते आणि सगळ्या तारा एकदम काढल्या की ती जागा सोडते. स्वर कर्कश वाटत असेल तर पिकअप बदलण्याआधी धातूच्या घोडीऐवजी आबनूसाची लावून पाहावी. तिचा खर्च पिकअपपेक्षा पुष्कळ कमी येतो.

त्या विक्रेत्याने अलीकडे आमच्याकडे पुन्हा मालाची विचारणा केली आहे. छिद्रांची कड काळी रंगवून द्यावी, एवढीच त्याची अट आहे. आमच्याकडे कडेला फक्त पारदर्शक लाखेचा हात दिला जातो आणि तोच दिला जाईल, असे आम्ही त्याला लेखी कळवले आहे.