डावा हात

लॅबमधून आले ते डोकं तापवूनच. नवा ज्युनिअर पेग ट्रान्सफर करत होता, म्हणजे लॅपरोस्कोपीचा (छोट्या छिद्रांतून, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत करायच्या शस्त्रक्रियेचा) एक सराव. डाव्या ग्रास्परने, म्हणजे लांब चिमट्याने, रिंग उचलायची, हवेतच उजव्यात द्यायची, समोरच्या खुंटीवर ठेवायची. सहा रिंगा झाल्या की उलट्या क्रमाने परत. त्याचा डावा हात कुठेच अडला नाही. माझा देवाणघेवाणीच्या क्षणी थबकतो. टोक रिंगेच्या पुढे आहे की मागे, हे सपाट पडद्यावर चटकन कळत नाही. शिवाय हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. तो मात्र हे सगळं जन्मापासून माहीत असल्यासारखा.

सरांनी विचारलं, "व्हिडिओ गेम खेळायचास ना?"

"हो सर, शाळेपासून."

बस्स, एवढंच. तेव्हापासून आत काहीतरी सलतंय. दादाच्या हातात कंट्रोलर आणि मी शेजारी बसून नुसती बघणारी. माझी पाळी आली की अभ्यासाची वेळ झालेली असायची. आईबद्दल आज लिहायचं नाही.

रात्री रोसर या सर्जनचा गेम आणि शस्त्रक्रियेवरचा २००७ चा अभ्यास पुन्हा उघडला. ३३ सर्जन. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्यांच्या चुका लॅपरोस्कोपीच्या सरावात ३७ टक्के कमी आणि वेग २७ टक्के जास्त. त्यातला 'पूर्वी' हाच शब्द झोंबतो. गेलेलं बालपण कुठून आणू? ३३ म्हणजे कितीशी माणसं, आणि ज्यांचे हात मुळातच चपळ त्यांनाच गेम आवडत असतील, असं स्वतःला बजावलं. आक्षेप खराच आहे. पण हेवा काही आक्षेपांनी जात नाही. वाया जाणारा वेळ म्हणून जे माझ्यापासून लांब ठेवलं, तेच आज त्याच्या बोटांत आहे.

मग रोम शहरातला २०१३ चा अभ्यास सापडला. ४२ रेसिडेंट (शिकाऊ सर्जन), त्यातले निम्मे चार आठवडे निन्टेंडो वी या कन्सोलवर गेम खेळले आणि सिम्युलेटरवर बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारले. ही शाळकरी पोरं नव्हती, माझ्यासारखीच नोकरी करणारी माणसं होती. हे वाचून जरा हायसं वाटलं.

आणि पित्ताशय किती ताणलं की फाटेल, हे कुठला कंट्रोलर सांगणार? ते मला कळतं. त्याला अजून शिकायचंय.

शेवटी त्यालाच मेसेज केला, डाव्या हातासाठी काय खेळू? लगेच उत्तर आलं, "मॅम, दोन्ही अंगठे वेगवेगळं काम करतात असा कुठलाही. सुरुवातीला डावा ऐकत नाही. रविवारी कन्सोल घेऊन येऊ?"

ये म्हटलं. पित्ताशयाचे व्हिडिओ मी काढून ठेवते.