सिग्नलला तापते की पळताना?

मानपाड्याच्या सिग्नलला इंजिनच्या तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पाम बीच रोडला लागली की खाली येतो, असं होत असेल तर वॉटर पंप बदलायची घाई करू नका. उभ्या गाडीत रेडिएटरमधून वारा ओढायला पंख्याशिवाय कोणी नसतं, पळत्या गाडीला तो फुकट मिळतो. तेव्हा आधी संशय पंख्यावर. उलट, सिग्नलला शांत असलेली गाडी अटल सेतूवर ताशी 100 ला तापत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटर चोंदलाय.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मधोमध चिकटून बसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून तापमानाचा आकडा बघा. ट्रॅफिकमध्ये 100 अंशांच्या आसपास जाऊन पंखा लागल्यावर उतरला तर काळजी नाही. 110 ओलांडून चढतच राहिला तर एसी बंद, हीटर फुल, गाडी कडेला. गरम असताना कूलंटच्या टाकीचं टोपण उघडायचं नाही. आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो म्हणून कूलंट शंभराच्या वरही उकळत नाही; टोपण फिरवलं की तेच उसळून अंगावर येतं.

पोर्शच्या बॉक्स्टर आणि केमन या स्पोर्ट्स कारची गोष्ट जरा वेगळी. इंजिन सीटमागे, रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. जमिनीलगतची ती तोंडं रस्त्यावरचा कचरा झाडूसारखी गोळा करतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण बंपर उतरवला की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत गुलमोहराची बारीक पानं आणि घोडबंदरची धूळ मिळून गोधडीसारखा थर सापडतो. तो हाताने काढा, मग साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या फिन्स वाकतात.

बंपर उतरवलेलाच आहे तर इंजिन चालू करून एसी लावा. दोन्ही पंखे फिरायला हवेत. कमी वेगाला एखादा गप्प आणि तापल्यावर मात्र जोरात सुटत असेल, तर मोटर चांगली आहे, पंख्याचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर गेलाय.

कूलंट नुकतं बदललं आणि तेव्हापासून तापतेय? मग आत हवा अडकली आहे. पुढून मागे जाणाऱ्या लांबलचक पाइपांत ती नुसतं वरून ओतून निघत नाही, आधी आतली हवा ओढून घेऊन मग कूलंट भरणारा व्हॅक्यूम फिलर लावावा लागतो. व्हॅक्यूम दहा मिनिटं टिकला नाही तर भरू नका, आधी गळती शोधा. भरताना कंपनीने सांगितलेलंच कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात.

गळती कुठेच नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, थंड इंजिन सुरू करताच होज (कूलंटचा रबरी पाइप) दगडासारखा कडक होतोय, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) टेस्ट करा. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. तो पिवळा पडला की जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय.

आणि ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतोच कशाला’ म्हणून तो काढून टाकणाऱ्यांपासून गाडी लांब ठेवा. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) असलेल्या इंजिनात तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, काही कूलंट रेडिएटरला न जाताच परत फिरतं आणि गाडी आणखी तापते. शंका असेल तर तो गॅसवर तापत ठेवलेल्या पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास तोंड उघडायला लागलं तर परत बसवा, रबरी रिंग मात्र नवी घाला.